लाकूड फोडण्याचे यंत्र : घाम वाचतो, पण हिशेब जमतो का?

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील रोहणा हे कापसाच्या मुलखातले गाव. पुलगाव ते आर्वी ही १९१७ साली सुरू झालेली नॅरोगेज रेल्वे याच गावावरून जात असे. ती छोटी गाडी आता धावत नाही. कापूस मात्र टिकून आहे. वेचणी संपली की शेतात उरते ती पऱ्हाटी. ती उपटायची, मोळ्या बांधून घरामागे तिची गंजी रचायची आणि वर्षभर चुलीत घालायची, हा या भागाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. जोडीला तुरीची तुऱ्हाटी असतेच. या दोन्हींना कुऱ्हाड लागत नाही. हाताने मोडली, चुलीत सारली की काम झाले.

खरा प्रश्न येतो तो बुंध्याचा. वळवाच्या वादळात धुऱ्यावरची जुनी बाभूळ कोसळते किंवा अंगणातला वाळलेला कडुनिंब उतरवावा लागतो. फांद्या दोन दिवसांत चुलीपर्यंत पोहोचतात. बुंध्याचे ओंडके मात्र गोठ्याच्या कडेला वर्षानुवर्षे पडून राहतात. घण आणि पाचर घेऊन ते फोडणारा गडी आता सहजी मिळत नाही. घरातल्या तरुणांना ती सवय राहिलेली नाही आणि ज्यांना सवय आहे त्यांची पाठ साथ देत नाही. अशा वेळी 'हायड्रॉलिक' यंत्राचे नाव पुढे येते. लोखंडी पाचर, तेलाच्या दाबाने पुढे सरकणारा दट्ट्या आणि काही सेकंदांत दुभंगणारा ओंडका असे हे यंत्र पाहताक्षणी मोहात पाडते. पण ते घ्यावे का, कोणी घ्यावे आणि घेतले तर कसे वापरावे, याचा विचार मोह ओसरल्यावरच केलेला बरा.

दाबाचे गणित

कुऱ्हाडीचे बळ वेगात असते. माणूस ती डोक्यावर उचलतो, वेगाने खाली आणतो आणि क्षणभराच्या आघाताने लाकडाचे तंतू एकमेकांपासून सुटतात. हायड्रॉलिक यंत्रात वेग जवळजवळ नसतोच; तेथे काम करतो तो संथ, पण न थांबणारा दाब. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने सतराव्या शतकात मांडले. त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा याने १७९५ साली घेतले. लाकूड फोडण्याचे यंत्र त्याच वंशातले.

यात पंप टाकीतले तेल ओढून नळकांड्यात, म्हणजे सिलिंडरमध्ये ढकलतो. समजा नळकांड्याचा आतला व्यास १० सेंटिमीटर आहे. त्याच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर भरते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १७० किलो असेल, तर दट्ट्यावरचा एकूण जोर १३ टनांच्या घरात जातो. विक्रेते '७ टनी', '१३ टनी' म्हणतात ते याच अर्थाने. ते यंत्राचे वजन नव्हे, दट्ट्याचा जोर होय.

हा जोर फुकट मिळत नाही. नळकांडे जितके जाड, तितके ते भरायला तेल जास्त लागते आणि दट्ट्या तितका सावकाश सरकतो. म्हणून चांगल्या यंत्रांत दोन टप्प्यांचा पंप असतो. लाकूड अडत नाही तोवर तो भरपूर तेल कमी दाबाने देतो. पाचर लाकडाला भिडली की थोडे तेल जास्त दाबाने देऊ लागतो. यंत्राचा आवाज मध्येच बदलतो आणि दट्ट्या मंदावतो तो यामुळे. त्याला बिघाड समजून घाबरण्याचे कारण नाही.

घरगुती विजेवर चालणारी लहान यंत्रे ५ ते ७ टनांची असतात. सुबाभूळ, निलगिरी किंवा कडुनिंबाच्या बेताच्या जाडीच्या सरळ ओंडक्यांना ती पुरतात. वाळलेली बाभूळ, धावडा किंवा गाठाळ बुंधा असेल, तर १२ टनांच्या पुढचे यंत्र हवे. त्यासाठी थ्री-फेज मोटार, इंजिन किंवा ट्रॅक्टर लागतो. खेड्यात ट्रॅक्टर बहुधा उपलब्ध असतो; म्हणून त्याच्या मागे जोडता येणारे यंत्र तेथे सर्वांत सोयीचे ठरते. बाजारात फिरत्या शंकूचेही एक यंत्र मिळते. त्याचा पेचदार शंकू लाकडात घुसतो आणि ते फाडतो. ते हायड्रॉलिक नव्हे. स्वस्त असले तरी त्यात कपडा अडकल्यास माणूस ओढला जाण्याचा धोका मोठा आहे, हे ध्यानात ठेवावे.

फोडलेले लाकूडच वाळते

यंत्राची जाहिरात श्रम वाचवण्यावर भर देते. प्रत्यक्षात लाकूड फोडण्याचा सर्वांत मोठा लाभ चुलीत दिसतो आणि तो म्हणजे कोरडेपणा.

झाडात पाणी वाहते ते उभ्या तंतूंमधून. त्यामुळे ओंडका वाळतो तो मुख्यतः कापलेल्या दोन टोकांकडून. साल पाण्याला सहज बाहेर पडू देत नाही. ३० सेंटिमीटर व्यासाचा आणि ४५ सेंटिमीटर लांबीचा ओंडका घेतला, तर त्याच्या दोन टोकांचे मिळून उघडे क्षेत्र सुमारे १,४०० चौरस सेंटिमीटर होते. त्याच ओंडक्याच्या उभ्या चार फाका केल्या की सुमारे ५,४०० चौरस सेंटिमीटरची नवी उघडी बाजू तयार होते. वारा लागणारे क्षेत्र जवळजवळ पाचपट झाले! साबूत ओंडका दोन उन्हाळ्यांतही आतून ओलसर राहू शकतो. फाका मात्र विदर्भाच्या एका उन्हाळ्यात पुष्कळशा वाळतात.

ओल्या लाकडाने नुकसान काय होते? ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. म्हणजे वजनावर विकत घेतलेल्या दोन किलोंत एक किलो पाणीच. संपूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोतून साधारण ४,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते असे धरले, तर अर्धे पाणी असलेल्या एका किलोतून, त्या पाण्याची वाफ करण्यात गेलेली उष्णता वजा जाता, १,९५० च्या आसपासच हाती येते. पाणी पाचव्या हिश्श्यावर आले की हाच आकडा ३,४५० च्या पुढे जातो.

पण उष्णतेहून मोठा तोटा धुराचा आहे. ओले लाकूड जाळाला थंड ठेवते. लाकडातून निघणारे वायू पुरते जळत नाहीत आणि धूर होऊन घरभर पसरतात. घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याकडे २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस खेड्यापाड्यांत पोहोचला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागातील ४३.२ टक्के कुटुंबेच स्वयंपाकासाठी प्रामुख्याने स्वच्छ इंधन वापरताना आढळली. गॅस आला तरी आंघोळीचे पाणी आणि लग्नकार्याचा स्वयंपाक लाकडावरच होतो, अशी घरे पुष्कळ आहेत. चूल जोवर आहे, तोवर तीत जाणारे लाकूड कोरडे असणे ही आरोग्याची बाब आहे.

कोणते लाकूड, केव्हा फोडावे

लाकडाचा स्वभाव झाडागणिक बदलतो. बाभळीचे लाकूड जड आणि चिवट; बैलगाडीची चाके आणि शेतीची अवजारे त्याची करीत ती उगाच नव्हे. ते जळतेही छान, निखारा टिकवते. पण पूर्ण वाळल्यावर फोडायला घेतले तर घणालाही दाद देत नाही. चिंचेचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. खाटकाचा ठोकळा चिंचेचा असतो तो त्यामुळेच. असे लाकूड यंत्रातही सरळ दुभंगत नाही, चिंध्या झाल्यासारखे फाटते. निलगिरी आणि सुबाभूळ ताजी असताना सहज फुटतात.

म्हणून सर्वसाधारण नियम असा, की लाकूड तोडल्यावर लवकर फोडावे आणि मग वाळवावे. 'वाळू द्या, मग पाहू' हा बेत श्रम आणि वेळ दोन्ही वाढवतो. वर्ध्याकडच्या हवामानात माघ-फाल्गुनात फोडणी उरकावी, चैत्र-वैशाखाच्या उन्हात फाका तापू द्याव्यात आणि मृगाआधी त्या छपराखाली न्याव्यात. खाली दगड किंवा दांडके घालून थप्पी जमिनीपासून उचलावी, म्हणजे ओल आणि वाळवी लागत नाही. वरून छप्पर असावे, पण बाजू उघड्या ठेवाव्यात. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले लाकूड वाळत नाही, घामेजते. थप्पीत विंचू-साप आसरा घेतात, त्यामुळे ती घराच्या भिंतीला खेटून नसावी. लाकूड वाळले की नाही हे पाहण्याची जुनी कसोटी आजही उपयोगी आहे. दोन फाका एकमेकींवर आपटल्या की वाळलेल्या टणटणतात, ओल्या नुसत्या धपकन वाजतात.

पऱ्हाटीची गोष्ट निराळी. तिला लाकूड फोडण्याच्या यंत्राचा काही उपयोग नाही. शिवाय हंगाम संपल्यावर शेतात किंवा बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाटीतल्या न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते. म्हणून अशा गंज्या ठेवू नयेत, असे कृषितज्ज्ञ सांगतात. पऱ्हाटीचा बारीक भुगा करणारे यंत्र आणि त्या भुग्यापासून दाबून केलेल्या कांड्या हा तिच्यासाठीचा मार्ग आहे. ज्या घरची चूल वर्षातले दहा महिने पऱ्हाटीवर चालते, त्याने ओंडक्याचे यंत्र घेणे म्हणजे नदीशिवाय नाव घेणे होय.

पैशाचा हिशेब

समजा, एखाद्याने एक लाख रुपयांचे यंत्र घेतले आणि ते दहा वर्षे चालले. वर्षाचे दहा हजार रुपये झाले. तेल, वीज किंवा डिझेल, होज पाइप, सील आणि किरकोळ दुरुस्ती यांचे आठ हजार धरले, तर वर्षाचा खर्च अठरा हजार होतो. एका कुटुंबाला वर्षाकाठी फोडण्याजोगे जाड लाकूड एक टन लागत असेल, तर किलोमागे फोडणावळच अठरा रुपये पडली. एवढ्या पैशात मजूर लावून लाकूड फोडून घेणे परवडेल.

तेच यंत्र वर्षाला ६० टन लाकूड फोडू लागले, तर इंधनाचा खर्च थोडा वाढेल, पण मूळ खर्चाचा वाटा किलोमागे तीस पैशांवर येईल. ६० टन हा आकडा अवाच्या सवा नाही. वर सांगितलेल्या मापाचा ओला ओंडका ३० ते ३५ किलोंचा भरतो. उचलणे, मांडणे आणि फाका बाजूला सारणे धरून एका ओंडक्याला दीड मिनिट लागले, तर तासाला चाळीस ओंडके, म्हणजे सव्वा टनाच्या आसपास लाकूड होते. रोज पाच तास धरले तर दहाबारा दिवसांचे काम. यंत्राची ताकद इतकी आहे, की एका घराकडे तिला पुरेल एवढे काम नसते. धाबे, आचारी, वीटभट्ट्या, सरपणाच्या वखारी आणि आसपासची चार गावे मिळूनच तिला काम देऊ शकतात.

मळणी यंत्राच्या बाबतीत खेड्यांनी हा धडा केव्हाच गिरवला आहे. प्रत्येक शेतकरी मळणी यंत्र घेत नाही. एक जण घेतो आणि ते तासावर किंवा पोत्यावर गावभर फिरते. कृषी अवजारे बँकांची कल्पनाही याच अनुभवावर उभी आहे. लाकूड फोडण्याचे यंत्र एखाद्या बचत गटाकडे किंवा ट्रॅक्टरमालकाकडे असावे, माघ-फाल्गुनात ते गावोगाव फिरावे आणि उरलेले वर्ष छपराखाली राहावे, हाच त्याचा किफायतशीर उपयोग दिसतो.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी : लाकूड येणार कोठून? महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर अशी अनुसूचित झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. लाकडाच्या वाहतुकीलाही भारतीय वन अधिनियम, १९२७ खालील नियम आहेत. भाड्याने काम करणाऱ्याने दुसऱ्याचे लाकूड फोडण्याआधी ते कुठले, हे विचारून घेणे शहाणपणाचे.

बोटे जपा

कुऱ्हाड चुकली तर पाय जातो. यंत्रात चूक झाली तर बोटे जातात. दट्ट्या सावकाश येतो, म्हणून माणूस बेसावध राहतो. वस्तुतः १३ टनांच्या जोरापुढे हाडाचा पाड नाही आणि तरफ सोडेपर्यंत उशीर झालेला असतो.

सर्वांत घातक पद्धत म्हणजे एकाने लाकूड धरायचे आणि दुसऱ्याने तरफ ओढायची. काम भराभर होईल असे वाटते. पण धरणाऱ्याचा हात निघाला आहे की नाही, हे ओढणाऱ्याला कळतच नाही. म्हणून लाकूड मांडणारा आणि यंत्र चालवणारा माणूस एकच असावा. बाकीच्यांनी चार पावले दूर राहून ओंडके आणून द्यावेत आणि फाका उचलाव्यात. अनेक लहान यंत्रांत दोन्ही हातांनी दोन तरफा धरल्याशिवाय दट्ट्या हलत नाही. ही अडचण नव्हे, संरक्षण आहे. एक तरफ दोरीने बांधून ठेवण्याची युक्ती करणारा माणूस आपलीच बोटे गहाण टाकत असतो.

ओंडक्याची टोके सरळ कापलेली असावीत; तिरक्या टोकाचा ओंडका दाबाखाली निसटतो आणि उसळतो. लाकूड तंतूंच्या दिशेनेच फोडावे, आडवे कधीही नाही. गाठ असलेली बाजू फुटताना ढलपी गोळीसारखी उडू शकते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. पदर, ओढणी, उपरणे, सैल बाही खोचून घ्यावी आणि चपलेऐवजी जाड बूट घालावा. पाचरीत अडकलेले लाकूड यंत्र बंद केल्याशिवाय हाताने ओढू नये.

एक धोका डोळ्यांना दिसत नाही. होज पाइपला सुईएवढे छिद्र पडले, तर तेथून सुटणारी तेलाची धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखणेही आधी फारसे जाणवत नाही. पण आत गेलेले तेल मांस कुजवते आणि वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. म्हणून गळती शोधताना हात कधीही फिरवू नये. यंत्र बंद करून, दाब सोडून, पुठ्ठ्याच्या तुकड्याने ती पाहावी. तेल टोचल्याची शंका आली, तरी घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

तेल, ऊन आणि वीज

यंत्राचा जीव तेलात असतो. वैशाखात वर्ध्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तापलेले तेल पातळ होते, दाब नीट धरत नाही आणि सील लवकर झिजतात. म्हणून कंपनीने सांगितलेल्या क्रमांकाचेच तेल घालावे, काम सकाळी उरकावे आणि टाकी हाताला चटका देऊ लागली की थांबावे. तेलात पाणी शिरले तर ते दुधाळ दिसते. धूळ शिरली तर पंप खरवडला जातो. नव्या यंत्राचा गाळणीचा भाग पहिल्या काही तासांच्या कामानंतरच बदलावा लागतो, कारण बनावटीच्या वेळचे लोखंडी कण त्यातच अडकतात.

विजेवर चालणाऱ्या यंत्राला अर्थिंग अनिवार्य आहे. लांबच्या, बारीक वायरीवर मोटार चालवली की व्होल्टेज पडते आणि मोटार तापून जळते. कृषिपंपाच्या जोडणीवर हे यंत्र चालवणे नियमाला धरून नाही, हेही लक्षात घ्यावे.

भार कोणाचा हलका होतो?

यंत्राने कोणाचे काय वाचते, हा प्रश्न वर्धा जिल्ह्याला नवा नाही. १९३४ साली वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा यांनी तेथे घाणी, हातकागद, तेलाचा दिवा अशा साध्या साधनांवर काम उभारले. धूर घराबाहेर नेणारी 'मगन चूल' ही त्याच परंपरेतली. गांधीजींना यंत्राचे वावडे होते, असा समज सर्रास आढळतो. पण १९२४ साली झालेल्या एका संवादात त्यांनी आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे, असे स्पष्ट केले होते आणि शिवणयंत्राला अपवाद मानले होते. पत्नीचे कंटाळवाणे कष्ट वाचावेत या भावनेतून ते जन्माला आले, हे त्यामागचे त्यांचे कारण होते.

लाकूड फोडण्याच्या यंत्रालाही हीच कसोटी लावता येईल. खेड्यात कुऱ्हाड बहुधा पुरुषाच्या हातात असते आणि फुंकणी बाईच्या. यंत्र आले की पुरुषाची पाठ वाचते, हे उघड आहे. पण लाकूड ऐनवेळी, आषाढात, ओलेच फोडून चुलीपुढे टाकले तर बाईच्या डोळ्यांतले पाणी तसेच राहते. तेच लाकूड एक हंगाम आधी फोडले, उन्हात वाळवले आणि कोरडे ठेवले, तर जळण कमी लागते, भांडी कमी काजळतात आणि स्वयंपाकघरातला धूर घटतो. यंत्र तेच आहे. फरक फक्त ते कोणत्या महिन्यात चालवले याचा आहे.

ज्या घरी ओंडके नाहीत त्याने हे यंत्र घेऊ नये. ज्या गावात ते पडून आहेत, त्या गावाने एक यंत्र मिळून घ्यावे. आणि ज्याने ते घेतले, त्याने पंचांगातला फाल्गुन विसरू नये. एवढे पथ्य पाळले, तर गोठ्याकडेला वर्षानुवर्षे पडलेला बाभळीचा बुंधा पुढच्या पावसाळ्यात धूर न करता जळेल.